फोमची क्रेफिश फ्लाय: वजन खाली, फोम वर

प्रश्न मोहोळच्या एका मित्राचा आहे. थोडक्यात असा: "लांबोटीच्या पुलाजवळ सीनेवर आणि कधीमधी भीमेवर गळ टाकतो. आता फ्लायकडे, म्हणजे गळावर दोरा-पिसं-फोम बांधून केलेल्या खोट्या आमिषाकडे, वळलोय. परदेशी पद्धतीची मऊ फोमची क्रेफिश (झिंग्यासारखा, नांग्यांचा प्राणी) बांधली. ४ नंबरचा गळ, दांडीवर वजनासाठी पितळी डंबेल डोळे (डंबेलसारखे दोन जोडगोळे), वरून फोमची पाठ, मागे फोमच्या दोन नांग्या. पाण्यात सोडली की एका कुशीवर पडते, ओढली की गरगर फिरते. बांधताना दोरा फोममध्ये घुसून तो कापून टाकतो. आणि दादा, आपल्या नदीत क्रेफिश आहेच कुठे? मग ही बांधण्यात अर्थ आहे का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीची मापं ठरतात.

क्रेफिश आपला नाही. उत्तर अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया इकडचा तो प्राणी. भारतीय उपखंडात त्याची मूळची एकही जात नाही. फ्लायचे नमुने तिकडच्या नद्यांवर तयार झाले. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझर यांनी स्मॉलमाउथ बास या माशासाठी बांधलेली क्रेफिश आणि डेव्ह व्हिटलॉक यांची 'निअरनफ क्रेफिश' ही त्यातली गाजलेली नावं. पण भीमा, सीना, नीरा या नद्यांच्या दगडगोट्यांत आपले झिंगे आहेत, खेकडे आहेत, आणि हे सगळे एकाच दशपाद गणातले. झिंगा दचकला की शेपूट पोटाखाली आखडून मागच्या मागे उडी घेतो, क्रेफिशसारखाच. खेकडा पळायची वाट बंद झाली की नांग्या वर करून उभा राहतो, तेही क्रेफिशसारखंच. मरळ, शिंगटा, शिवडा, वाम यांना ही दोन्ही दृश्यं चांगली ओळखीची असतात. बाजारात शिंगटा घेतलात तर मावशींना पोटातला ऐवज फेकू नका म्हणून सांगा आणि वाटीत पाणी घेऊन तो उघडून बघा. त्यात झिंग्याचे तुकडे दिसले, तर ते केवढे आहेत आणि कुठल्या रंगाचे आहेत, हेच तुमच्या पुढच्या फ्लायचं माप.

तेव्हा अर्थ आहे. फक्त अमेरिकी मापाची जाडजूड नांगीवाली फ्लाय इथे तशीच्या तशी नको. ती झिंग्याच्या अंगाने बारीक करायची. ते पुढे सांगतो.

आता कलंडण्याचं. तुमच्या वर्णनातच कारण आहे: डोळे दांडीच्या वर आणि फोमची पाठही दांडीच्या वर. डंबेल डोळे दांडीच्या वर बांधले की पाण्यात गळ उलटा होतो, टोक आकाशाकडे जातं. ते आपल्याला हवंच असतं, कारण टोक वर असलेला गळ दगडात आणि वेड्या बाभळीच्या बुडालेल्या फांद्यांत कमी अडकतो. पण त्याच बाजूला फोम बांधला, तर वजन खाली खेचतं आणि तिथलाच फोम वर उचलतो. दोघांची ओढाताण होते आणि फ्लाय मधला मार्ग काढून कुशीवर झोपते. उपाय सोपा आहे. आधी डोळे पक्के करा, मग व्हाईसमध्ये (बांधताना गळ धरणाऱ्या शिकंज्यात) गळ उलटा धरा, टोक वर, आणि यापुढचं सगळं काम तसंच करा. फोमची पाठ टोकाच्या बाजूला आली पाहिजे. मग पाण्यात वजन खाली आणि फोम वर, दोन्ही एका रेषेत. फ्लाय बोटाने आडवी पाडलीत तरी आपणहून सरळ होईल.

याला एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. पाठ टोकाच्या बाजूला आली की गळाच्या बाकातली मोकळी जागा भरते आणि मासा नीट अडकत नाही. म्हणून रुंद बाकाचा गळ घ्या आणि पाठीसाठी २ मिमीऐवजी १ मिमी फोम वापरा. पाठीची पट्टी टोकाच्या अलीकडेच संपली पाहिजे. टोकाला फोममधून भोक पाडून बाहेर काढायची एक पद्धत आहे. दिसायला झकास, पण दोनचार माशांत भोक फाटून पट्टी लोंबायला लागते. मी ती करत नाही.

गरगर फिरण्याचं कारण बहुतेक वेळा नांग्या. दोन नांग्या वेगवेगळ्या कापल्या की कितीही जपा, एक अर्धा मिलिमीटर रुंद होते आणि ओढताना पंख्याच्या पात्यासारखी फिरवते. फोमचा तुकडा दुहेरी घडी घाला, दोन टाचण्या टोचा आणि दोन्ही नांग्या एकदमच कापा. बांधल्यावर समोरून बघा. दोन्ही सारख्या कोनात उघडल्या नसतील, तर दोरा सोडून परत बांधा. फेविक्विक टाकून मग बोटाने वळवायला जाऊ नका, ती वळत नाही, तुटते.

आता थोडं वजनाचं गणित, कारण या फ्लायचा जीव त्यातच आहे. लोकांना वाटतं, फोम आहे म्हणजे फ्लाय तरंगावी. इथे तसं नाही. ही फ्लाय दगडासारखी बुडाली पाहिजे, तळाला टेकली पाहिजे, आणि टेकल्यावर फक्त नांग्या वर उठल्या पाहिजेत. क्रेफिश किंवा झिंगा मागे पळतो, म्हणून त्याची शेपटी गळाच्या नेढ्याकडे आणि डोकं-नांग्या बाकाकडे बांधतात. वजन नेढ्याजवळ, उचल बाकाजवळ. तळाला शेपटी टेकते, नांग्या साधारण ४५ अंशांत उभ्या राहतात, आणि माशाला समोर भांडायला उभं असलेलं सावज दिसतं. फोम न घालता पिसांच्या किंवा सशाच्या कातडीच्या नांग्या बांधल्या तर त्या ओढताना छान हलतात, पण थांबलं की आडव्या पडतात. मासा मात्र बहुतेक वेळा थांबल्यावरच उचलतो.

मग फोम किती? पानाच्या आकाराच्या, २ मिमी जाड, ६ मिमी रुंद, १५ मिमी लांब अशा दोन नांग्यांचं घनफळ मिळून सुमारे पाव घन सेंटिमीटर होतं. फोमचं स्वतःचं वजन वजा केलं तर पाण्यात त्यांची उचल साधारण ०.२ ग्रॅम. मध्यम पितळी डंबेल एक ग्रॅमच्या आतबाहेर असतो, गळाचं वजन वेगळं. म्हणजे नुसत्या नांग्या असतील तर फ्लाय मजेत बुडते. पण त्यावर ८ मिमी रुंद, ३० मिमी लांब आणि २ मिमी जाड पाठ चढवलीत, तर ती एकटीच जवळजवळ अर्धा घन सेंटिमीटर, नांग्यांच्या दुप्पट. दोरा आवळल्याने थोडी दबते, तरी उरलेली उचल पुरेशी असते. बादलीत ही फ्लाय बुडेल, पण नदीच्या धारेत ती मधल्या पाण्यात हेलकावे खात राहील आणि तळाला पोचणारच नाही. पाठ १ मिमीची केलीत की तिची अर्धी उचल तिथेच कमी होते.

हे गणित डोक्यात ठेवा, पण विश्वास बादलीवर ठेवा. फ्लाय अर्धी झाली की व्हाईसमधून काढून पाण्यात सोडून बघायची. लोकर किंवा शेनिल (लवदार जाड धागा) आधी चिमटीत दाबून ओली करा, नाहीतर अडकलेली हवा तुम्हाला फसवेल. बुडून टेकली, नांग्या उभ्या राहिल्या, शेपटी हलली नाही, तर जमलं. नांग्यांसकट सगळीच तरंगत असेल तर नांग्यांच्या कडा कात्रीने कमी करा. नांग्या पडून राहत असतील तर नांगीची मान जाड राहिली आहे.

ही मान म्हणजे नांगी जिथे दांडीला मिळते तो भाग. तो २ मिमी रुंदीपर्यंत निमुळता कापायचा आणि तिथेच दोरा बसवायचा. मऊ फोम हवा तो यासाठीच. मान बिजागरीचं काम करते: ओढलं की नांग्या मिटून एकमेकींना चिकटतात, थांबलं की उघडतात. दोन नांग्यांच्या मध्ये लोकरीचा किंवा दोऱ्याचा एक छोटा गोळा आधी गुंडाळून ठेवला की त्या आपोआप फाकतात. नांगीच्या टोकाला चिमट्याची खाच कापायची की नाही, यावर लोक तासभर वाद घालतात. माशाला ती लागत नाही. तुम्हाला बरं वाटत असेल तर कापा.

फोम कुठला? स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रकल्पांसाठी मिळतो तो रंगीत ईव्हीए फोम शीट, सोलापूरच्या नव्या पेठेत कुठेही मिळेल. १ आणि २ मिमी दोन्ही घ्या, आणि त्यातला बोटाने दाबल्यावर चटकन दबणारा निवडा. चकचकीत पत्र्यासारखा ताठ असतो तो नको. गादी-सोफ्याचा फोम अजिबात नको, त्याची छिद्रं उघडी असतात आणि तो पाणी पितो. शंका असेल तर तुकडा पाण्याखाली बोटांनी दाबून सोडा. फुगताना पाणी आत घेत असेल आणि सोडल्यावर बुडायला लागला, तर तो कामाचा नाही. टीव्हीच्या खोक्यात येणारा पांढरा पॅकिंगचा फोम पाणी पीत नाही, पण इतका पोचट असतो की दोरा लावताच चिरतो. हवाई चपलेचा तळ तरंगतो, पण जड आणि राठ. त्याच्या नांग्या उभ्या राहतात त्या राहतातच, मिटत नाहीत.

दोरा घुसण्याबद्दल. फोमला दोरा कापतो तो दोन कारणांनी: दोरा गोल आणि बारीक आहे, किंवा पहिलाच वेढा जोरात आवळलाय. १४० डेनियरचा (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप), चपटा पसरणारा फ्लायचा दोरा घ्या. जेल-स्पन दोरा ताकदीला उत्तम, पण मऊ फोमला तो सुरीच. दांडीवर आधी दोऱ्याचा खडबडीत थर द्या, म्हणजे फोमला धरायला काहीतरी मिळतं. गुळगुळीत धातूवर फोम फिरतोच. मग पहिले दोन वेढे नुसते टेकवायचे, तिसऱ्याला थोडा ताण, चौथ्या-पाचव्याला पूर्ण. बॉबिन (दोऱ्याची रीळ धरायचं साधन) उलटी फिरवून दोऱ्याचा पीळ सोडत राहिलात तर तो आणखी चपटा बसतो. मागावर काम केलेला माणूस घरात असेल तर त्याच्या हातात बॉबिन द्या, सुताचा ताण बोटाला कसा कळतो ते तो मिनिटात दाखवेल. शेवटी वेढ्यांवर फेविक्विकचा एक थेंब, तोही टाचणीच्या टोकाने. फोमवर ओघळला की ती जागा कडक होते आणि मानेची बिजागरी संपते.

अंगासाठी सोलापुरात राहून टॉवेलचं सूत वापरायचा मोह होतोच, लूप दिसायला शेनिलसारखेच असतात. नको. सुती धागा पाणी पिऊन जड होतो, रात्रभर वाळत नाही, आणि डबीत बंद राहिला की गळाला गंज आणतो. त्यापेक्षा विणकामाची ॲक्रिलिक लोकर बरी, तपकिरी आणि शेवाळी रंगाची. पायांसाठी गणवेश शिवणाऱ्यांकडचे इलॅस्टिकचे कापलेले तुकडे मागून आणा. वरचं सुताचं वेष्टण सोललं की आत रबराचे बारीक धागे मिळतात. ते आडवे बांधले की धारेत थरथरतात. काही महिन्यांत कडक होऊन तुटतात, पण फुकट आहेत. पायांचा आभास गावरान कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळूनही येतो. पीस बाकाकडून नेढ्याकडे मोकळ्या वेढ्यांनी गुंडाळायचं, मग फोमची पाठ वरून ओढून आणायची आणि तीनचार ठिकाणी दोऱ्याने दाबायची, की शेपटीचे कप्पे दिसतात. नेढ्यापाशी फोमचं टोक ३-४ मिमी बाहेर ठेवून शेपटीच्या पंख्यासारखं कापा. त्याहून मोठं ठेवलंत तर ते पाण्यात फावड्याचं काम करून फ्लाय पुन्हा फिरवेल.

वजनासाठी शिसं टाळा. गळ तुटतात, तळाला राहतात, आणि ते पाणी शेवटी आपल्याच नळाला येतं. पितळी डंबेल नसतील तर चाव्या अडकवायच्या मणीसाखळीचे दोन मणी चालतात, उथळ पाण्यासाठी तेच बरे.

झिंग्यासाठीचे बदल: गळ ६ किंवा ८ नंबरचा, म्हणजे ४ नंबरपेक्षा लहान, आणि लांब दांडीचा. नांग्या रुंद पानासारख्या नकोत, लांब आणि सडपातळ हव्यात, ३ मिमी रुंद, १८ ते २० मिमी लांब; नदीतल्या मोठ्या नर झिंग्याचे पुढचे हात तसेच काडीसारखे लांब असतात. फोम कमी झाला म्हणून उचलही कमी होते, तेव्हा वजनाला मणीसाखळी पुरे. पाठ १ मिमीची, आणि हवी तर वगळाच. मिशांसाठी इलॅस्टिकचेच दोन धागे मागे सोडा. रंग राखाडी-शेवाळी, अंगापेक्षा नांग्या थोड्या गडद. खेकडा करायचा असेल तर अंग आखूड आणि रुंद, शेपटीचा पंखा नाही, नांग्या जाड आणि आखूड. पण तो प्रकार दुसरा आहे आणि त्यावर बसलं तर रात्र जाईल.

रंग फोमला आधीच द्या, बांधल्यावर नाही. फिकट फोमवर पर्मनंट मार्करचे तपकिरी, शेवाळी ठिपके उठून दिसतात, नांगीच्या टोकाला जरासा विटकरी. आपल्याकडे रंग ठरवतं ते मुख्यतः धरण. उजनीतून नदीला पाणी सोडलं की पहिले काही दिवस भीमा गढूळ चहासारखी असते. तेव्हा काळी किंवा अगदी गडद तपकिरी फ्लाय, कारण माशाला तपशील दिसत नाही, आकृती दिसते. पाणी उतरून निवळलं, बंधाऱ्यांमागे साठून राहिलं, की शेवाळी आणि राखाडी. उजनी मायनसमध्ये (साठा मृत पातळीच्या खाली) गेलेल्या उन्हाळ्यात नदी डबक्या-डबक्यांत उरते. तेव्हा लहान फ्लाय, लांब लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा), आणि पहाट सोडून नादच करू नका.

टाकायची कशी, हे थोडक्यात. ६ किंवा ७ वेटचा (वेट म्हणजे रॉड-लाइनच्या ताकदीचा नंबर) रॉड, तरंगती लाइन, साडेसात ते नऊ फुटांचा लीडर, टिपेट (लीडरचं फ्लायकडचं बारीक टोक) १० पौंडांच्या आसपास. मरळ असेल तिथे जाड. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखाली जिथे फेसाळ पाणी संपून दगडांवरून सरकायला लागतं, ती जागा या फ्लायची. आडवी टाका, बुडू द्या. फ्लाय तळाला टेकल्याचं कळलं की वीतभर ओढायचं आणि थांबायचं. थांबणं ओढण्यापेक्षा लांब ठेवा. मासा झटका देत नाही. लाइन जरा बाजूला सरकते किंवा उगाच जड लागते. तेव्हा रॉड वर उचलू नका, लाइन हाताने सरळ मागे ओढा. रॉड उचलला आणि मासा नसला, तर फ्लाय तळ सोडून वर येते आणि पुन्हा बुडेपर्यंत जागा निघून जाते.

भीमेत पाण्यात उतरताना मात्र जपून. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, घोटाभर पाण्यातून दुसरं पाऊल डोक्यावर जातं. बंधाऱ्याखाली उभे असाल आणि पाण्याचा आवाज बदलला, तर आधी काठ गाठा, लाइन नंतर गुंडाळा. जलाशयात किंवा तलावात मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिच्या माणसाला विचारूनच बसा. टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलात, तर सोडायचा मासा पटकन सुटतो आणि स्वतःच्या बोटात घुसलेला गळही.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगतो. "फ्लाय खरी दिसावी म्हणून जिवंत क्रेफिश पाळून बघू का" असं काही जण विचारतात. मत्स्यालयाच्या दुकानांत 'ब्लू लॉब्स्टर' म्हणून विकतात तो क्रेफिशच. काचेच्या टाकीत बघायला हरकत नाही, पण कंटाळा आला म्हणून तो सीनेत किंवा सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावात सोडू नका. युरोपात अमेरिकी क्रेफिश नेले, त्यांच्यासोबत एक बुरशीसारखा रोग गेला आणि तिथल्या मूळ क्रेफिशचा अनेक नद्यांतून नायनाट झाला. आपल्या पाण्यात बाहेरून आलेला चिलापी मासा आहे, सकर मासाही आलाय, तेवढं पुरे आहे.

आणि फ्लाय ठेवायची डबी खोल घ्या. उथळ डबीत नांग्या दबून राहिल्या की फोम तीच घडी धरतो आणि मग पाण्यात उभा राहत नाही. एप्रिल-मेमध्ये डबी गाडीच्या डिकीत सोडू नका, सोलापूरच्या उन्हात फोम मुडपतो. मुडपलाच तर नांग्या क्षणभर उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरा, बोटांनी सरळ करा आणि गार होईपर्यंत तशाच धरून ठेवा.